रायफलच्या स्क्रूला काय लावावं, काय लावू नये

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज. त्याच्या आधी 2010 मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती आणि 2022 मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला 10 मीटर एअर रायफलमध्ये. आज महाराष्ट्रातल्या रेंजवर रायफल खांद्याला लावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीसमोर ही नावं आहेत. त्या मुलांसाठी आईवडील पोटाला चिमटा काढून काही लाखांची रायफल घेतात. हा लेख त्या मुलांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि क्लबच्या प्रशिक्षकांसाठी आहे.

रायफल घेताना आपण दहा जणांना विचारतो. घरी आल्यावर मात्र तिच्या स्क्रूंची काळजी ऐकीव सल्ल्यावर चालते. साईट हलली की कुणीतरी सांगतं, "लॉकटाइट टाक, परत हलणार नाही." चीकपीसचा स्क्रू अडकला की दुसरा सांगतो, "अँटी-सीझ चोपड." दोघांचाही हेतू चांगला असतो. पण या दोन वस्तूंची कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक स्क्रूला सुटू देत नाही, दुसरी त्याला अडकू देत नाही. चुकीच्या जागी लावली तर दोन्ही सारखंच नुकसान करतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: रायफलच्या बहुतेक स्क्रूंना यातलं काहीच लागत नाही. स्वच्छ आटे, योग्य पाना आणि मोजून दिलेला टॉर्क एवढ्यावर त्यांचं भागतं. बाटली उघडायची ती मोजक्या ठिकाणी आणि कारण ठाऊक असेल तेव्हाच.

स्क्रू टिकतो तो ताणावर

स्क्रू आवळला की तो किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबातून होणारं घर्षण त्यांना जागेवर ठेवतं. म्हणजे पकड असते ती ताणाची. लॉकटाइटसारखा थ्रेडलॉकर हा ताण निर्माण करत नाही. ढिला स्क्रू त्यानं चिकटवला तर तो ढिलाच चिकटतो. वरून घट्ट वाटतो, आत साईट मात्र हलत राहते. असा दोष शोधायला सगळ्यात अवघड, कारण हात लावला की स्क्रू फिरत नाही आणि आपण पुढच्या संशयाकडे जातो.

आपण पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग स्क्रूच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. ताण देण्यासाठी उरतो जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे आट्यांना काही वंगण लावलं आणि घर्षण थोडं जरी कमी झालं तरी तेवढ्याच जोरात ताण बराच वाढतो. अँटी-सीझ लावताना हे विसरलं तर ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात.

साईटच्या बाबतीत हे किती बारीक आहे ते पाहा. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये 80 सेंटिमीटर अंतर धरा. मागची साईट आपल्या पट्टीवर एक दशांश मिलिमीटर बाजूला सरकली तर 10 मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर बाजूला लागतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिलिमीटरचं. म्हणजे अर्धा गुण गेला. मूल आपल्या श्वासाला, ट्रिगरला, नशिबाला दोष देत बसतं आणि कारण एका स्क्रूत असतं.

थ्रेडलॉकर म्हणजे काय, तो कुठे चालतो

वर्कशॉपमध्ये कुठल्याही थ्रेडलॉकरला लॉकटाइट म्हणतात. हे मुळात एका कंपनीचं नाव. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1953 मध्ये हा द्रव तयार केला. हवा लागते तोवर तो पातळ राहतो. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. म्हणूनच बाटली अर्धीच भरलेली येते. आतली हवा त्याला पातळ ठेवते.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, प्लास्टिकवर तो नीट पकडत नाही, उलट काही प्लास्टिकना तडे पाडतो. साईटच्या आसपास, आयरिसजवळ, प्लास्टिकच्या नॉबवर त्याचा थेंबही जाऊ देऊ नका. दुसरी, साधं पोलाद आणि पितळ यांच्यावर तो लवकर घट्ट होतो, तर स्टेनलेस स्टील आणि ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम यांच्यावर हळू. आजच्या मॅच रायफलवर नेमका हाच जोड बऱ्याच ठिकाणी असतो. अशा ठिकाणी पूर्ण दिवस द्या किंवा त्याच कंपनीचा ॲक्टिव्हेटर वापरा. तिसरी, तेलकट आट्यांवर त्याचा भरवसा धरू नका.

रंगाबद्दल फार गोंधळ आहे. पाहायचा तो आतल्या द्रवाचा रंग आणि लेबलवरचा नंबर. बाटली लाल दिसते म्हणून आतला द्रव लाल असतोच असं नाही. लॉकटाइटच्या बाबतीत 222 जांभळा, सौम्य पकडीचा, बारीक स्क्रूंसाठी. 243 निळा, मध्यम पकडीचा, हाताच्या पान्यानं सुटणारा. 271 लाल, कायमच्या जोडासाठी, सोडवायला सुमारे 250 अंशांपर्यंत तापवावं लागतं. मॅच रायफलवर लाल द्रवाचं काहीही काम नाही. घरात असेल तर रायफलच्या पेटीपासून लांब ठेवा. बारीक स्क्रूंना जांभळा पुरतो. 3 किंवा 4 मिलिमीटरच्या स्क्रूला निळाही जड जातो, कारण सोडवताना एलन कीचा खड्डा झिजतो किंवा स्क्रूचं डोकंच तुटतं.

मग लावायचा कुठे? जो स्क्रू एकदा बसवला की वर्ष-दोन वर्षं काढायचा नाही, जो मोजून आवळूनही पुन्हा सैल होतो आणि ज्याच्या दोन्ही बाजूंना धातू आहे, अशा ठिकाणी. नळीवर कायम राहणाऱ्या वजनाचा स्क्रू, पुढच्या साईटचा पाया धरणारा स्क्रू, दस्त्याला कायमची जोडलेली ॲक्सेसरी रेल, हे त्यात बसतात. तिन्ही अटी पूर्ण होत असतील तरच.

अँटी-सीझ कुठे

अँटी-सीझ ही तांबं, निकेल, ॲल्युमिनियम किंवा ग्रॅफाइट यांची पूड घातलेली जाड पेस्ट. तिचं काम एकच, धातूला धातू चिकटू न देणं. स्टेनलेस स्क्रू स्टेनलेसमध्ये किंवा ॲल्युमिनियममध्ये आवळताना दोन्हींचे पृष्ठभाग एकमेकांत रुततात आणि स्क्रू मध्येच जाम होतो. पुढे जात नाही, मागेही येत नाही. शिवाय पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या दस्त्यात असला आणि त्यात ओल शिरली, की दोन धातूंमध्ये गंजाची क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू अडकतो.

आपल्याकडे ही ओल दोन वाटांनी येते. एक पावसाळा. कोल्हापूर, सातारा, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर पेटीतली रायफलसुद्धा कोरडी राहत नाही. समुद्रकाठी खारी हवा वर्षभर. दुसरी वाट घामाची. गाल टेकतो त्या चीकपीसचे, खांद्याजवळच्या बटप्लेटचे आणि पकडीचे स्क्रू रोज खारट घाम पितात. काळ्या मुलाम्याच्या एलन स्क्रूवर लाल ठिपके दिसायला लागले की समजा, आतले आटेही धोक्यात आहेत.

म्हणून पोलाद-ॲल्युमिनियम जोडाचे आणि क्वचितच उघडले जाणारे स्क्रू पावसाळ्याआधी एकेक करून काढा, पुसा आणि आट्यांवर अँटी-सीझचा अगदी पातळ हात द्या. खाचांमध्ये जेमतेम रंग दिसेल इतकाच. स्क्रू बसवल्यावर बाहेर आलेला थर लगेच पुसा. ही पेस्ट बोटांना, बोटांवरून जॅकेटला आणि तिथून साईटच्या काचेला लागते, मग निघता निघत नाही. जो स्क्रू रोजच्या सरावात हलवायचा असतो, त्याला इतकी जाड पेस्ट नको. त्याला हलकं ग्रीस पुरतं.

टॉर्क मात्र कमी करा. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही अँटी-सीझ लावणार असाल, तर साधारण वीस ते तीस टक्के कमी धरा. समजा आकडा 5 न्यूटन-मीटर आहे, तर साडेतीन ते चारच्या दरम्यान थांबा. पुस्तिकेत वंगणासह आकडा दिला असेल तर तोच पाळा. एका स्क्रूला दोन्ही वस्तू एकत्र कधीही लावू नका.

जिथे दोन्हींपैकी काहीच लावायचं नाही

सर्वात आधी सिलिंडर. एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा असते. तिथली गळती रोखण्याचं काम ओ-रिंग करते, आटे करत नाहीत. सिलिंडरच्या आट्यांना थ्रेडलॉकर नको, अँटी-सीझ नको, नळाला गुंडाळायची टेफलॉन टेपही नको. टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस दाबाच्या हवेजवळ पेटू शकतं. हा धोका खरा आहे, त्याच्याशी खेळू नका. ओ-रिंगला उत्पादकानं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच लावा आणि सिलिंडर हातानं बसवा, पान्यानं नव्हे. त्यावर छापलेली मुदत संपली असेल तर तो सिलिंडर वापरू नका. स्पर्धेत मुदतीची जबाबदारी नेमबाजावरच असते.

दुसरा ट्रिगर. एअर रायफलच्या ट्रिगरला किमान दाबाची अट नाही, त्यामुळे तो अतिशय हलका ठेवलेला असतो. त्याच्या ॲडजस्टमेंट स्क्रूवर टाकलेला थेंब केशाकर्षणानं आत ओढला जातो आणि सीअरवर, पिनांवर घट्ट होतो. मग ट्रिगर कधी सुटेल ते सांगता येत नाही. ज्या रायफलचा ट्रिगर सांगून सुटत नाही, ती रेंजवर सगळ्यांना धोकादायक. ट्रिगरचे स्क्रू सैल होत असतील तर रायफल जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्या.

तिसरे दस्त्याचे मुख्य स्क्रू, म्हणजे नळी आणि ॲक्शन दस्त्याला धरणारे. यांच्यावरच रायफलचं ग्रुपिंग उभं असतं आणि ते वरचेवर तपासावे लागतात. त्यांना टॉर्क पाना पुरतो. लाकडी दस्त्याबद्दल एक जादा गोष्ट. लाकूड पावसाळ्यात फुगतं, मार्चमध्ये आटतं आणि स्क्रूचा ताण त्यासोबत वर-खाली होतो. तिथे थ्रेडलॉकर टाकून उपयोग नाही. स्क्रू फिरला नाही तरी लाकूड आकसलं की ताण गेलाच. ऋतू बदलला की पुस्तिकेतल्या क्रमानं आणि आकड्यानं पुन्हा तपासा, हाच उपाय.

चौथी मागची डायोप्टर साईट आणि रोज हलवायचे चीकपीस-बटप्लेटचे स्क्रू. मूल वाढतं, जॅकेट बदलतं, पोझिशन बदलते, तसे हे स्क्रू बदलावेच लागतात. त्यांना कायमचं बांधून ठेवलं तर प्रशिक्षकाचा हात बांधला जातो.

आणि फेविक्विक कुठल्याच स्क्रूला नको. तो धक्क्यानं तडकतो आणि त्याची पांढरी वाफ साईटच्या काचेवर बसते. नेलपॉलिश मात्र उपयोगी आहे, पण खूण करायला. स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर जाणारी एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. मॅचच्या सकाळी एका नजरेत सगळी रायफल तपासून होते.

लावायचाच असेल तर असा लावा

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा. ब्रीच उघडा, नळीत सेफ्टी फ्लॅग घाला, सिलिंडर काढून बाजूला ठेवा. मग एकच स्क्रू काढा, सगळे एकदम नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापडानं स्क्रूचे आटे पुसा. भोकातले आटे कापसाच्या काडीनं पुसा आणि पुरते वाळू द्या. काडीवर जुना पांढरा चुरा आला तर तो आधीच्या थ्रेडलॉकरचा आहे, तो पूर्ण निघेपर्यंत पुसत राहा.

स्क्रू जिथवर आत जाणार तिथल्या दोन-तीन आट्यांवर एक छोटा थेंब पुरतो. टोकावर लावू नका. आरपार नसलेल्या भोकात मात्र थेंब भोकाच्या तळाशी सोडा. नाहीतर आत अडकलेली हवा द्रव बाहेर ढकलते आणि आटे कोरडेच राहतात. आता मोजून आवळा, ओघळ पुसा, नेलपॉलिशची खूण करा आणि रायफल आडवी ठेवून 24 तास विसरा. पंधरा मिनिटांत स्क्रू घट्ट वाटतो, पण पूर्ण पकड यायला दिवस लागतो. म्हणून हे काम मॅचच्या आदल्या रात्री कधीही करू नका.

सोडवायची वेळ आली आणि स्क्रू हटत नसेल तर जोर वाढवू नका. न झिजलेली, बरोबर मापाची एलन की घ्या. गोल टोकाची की शेवटच्या आवळण्याला किंवा पहिल्या सोडवण्याला वापरू नका, तिनं खड्डा गोल होतो. तरीही हटला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. गॅसची ज्योत ॲल्युमिनियमवर, लाकडावर किंवा रंगावर धरू नका. आटे निघालेच तर वरून चिकटवाचिकटवी न करता चांगल्या मशीन शॉपमध्ये हेलिकॉइल बसवून घ्या. नवे आटे जुन्यापेक्षा मजबूत होतात.

.22 बोअरची रायफल परवान्याची असते, तिची दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. पोलीस, सैन्य किंवा एनसीसीच्या रायफलला तर तुमची एलन कीसुद्धा लागता कामा नये. ते काम आर्मररचं.

प्रशिक्षकांना आणि पालकांना

प्रत्येक क्लबनं सामाईक खर्चातून कमी मापाचा एक टॉर्क पाना घ्यावा. एका रायफलच्या किमतीपुढे तो काहीच नाही आणि तो सगळ्यांच्या रायफली वाचवतो. प्रत्येक रायफलच्या पेटीत एक छोटी वही असावी: कुठला स्क्रू, किती टॉर्क, काय लावलं, कोणत्या तारखेला. रायफल जुनी घेतली असेल तर पहिल्या आठवड्यातच सगळे स्क्रू जाणकारासमोर उघडून ही वही सुरू करा. आधीच्या मालकानं काय टाकलंय ते तेव्हाच कळेल.

मुलांच्या हातून हे काम करून घ्या. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही टॉर्क पान्याचा "टक" आवाज ओळखता येतो आणि रेघ तुटली की नाही ते सांगता येतं. आपली रायफल आपण तपासली आहे हे ठाऊक असलेलं मूल फायरिंग पॉईंटवर निश्चिंत उभं राहतं. वाईट शॉट गेला तर ते स्वतःत कारण शोधेल आणि सुधारेल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी बाटली पुढे केली तर लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा स्क्रू मला पुन्हा उघडायचा आहे का? मोजून आवळूनही तो सैल होतो का? इथे दोन धातू एकमेकांना धरून बसण्याची भीती आहे का? तिन्ही उत्तरं समोर ठेवून पुस्तिका उघडा. पुस्तिका नसेल तर उत्पादकाकडून मागवा. तोपर्यंत बाटलीचं झाकण बंदच ठेवा.